साडेसातचा खेळ

नंदुरबारात, मिरचीच्या पथाऱ्या ओलांडल्या की
सुमन टॉकीज लागतं. सकाळी ते कॉलेज असतं.
आमची इमारत पाडलीय, नवी अजून नकाशातच उभी,
तोवर साडेसात ते साडेअकरा आमचं भाडं,
बारानंतर पब्लिकचं.

मी संख्याशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर.
म्हणजे तास झाला तर पैसे,
नाही झाला तर मी नुसता फिरायला आलो होतो.

पडद्यावर लिहायचं नाही, ही मालकाची पहिली अट.
फळा दोन स्टुलांवर टेकवलाय,
एवढ्या मोठ्या पांढऱ्यापुढे
एवढासा काळा.
बाकं नाहीत. वही मांडीवर,
खुर्चीच्या एका हातावर दोन कोपरांचं भांडण.
आणि मागच्या बाकाची सगळी परंपराच कोलमडली:
इथे मागे बाल्कनी, तिकीट महाग,
म्हणून टवाळ पोरं सवयीने पडद्याला नाक लावून
आणि हुशार पोरी वर, सोफ्यावर,
जिथून फळा दिसत नाही.

दारावर हिलाल पिंजारी. एकतीस वर्षं.
दिवे लागलेले असतानाही बॅटरी पेटवून
उशिरा आलेल्याला रांग दाखवतो.
एकदा म्हटलं, दादा, उजेड आहे की.
म्हणाला, "उजेड शे, पन पोऱ्याले लाज वाटस ना.
बॅटरीना मांगे चालं का नही वाटत."

बाजारात मिरची उतरली की तास खोकत चालतो.
ऑपरेटर कधी मेहेरबानी करून
रिकामा झोत फळ्यावर सोडतो.
त्यात तांबूस धूळ तरंगते,
माझी सावली पडद्यावर वीस फूट,
हातातला खडू म्हणजे मुसळ.
पोरं शिट्ट्या मारतात.
मीही जरा तसाच उभा राहतो. खोटं कशाला बोलू.

सरासरी शिकवायला आकडे हिलालचेच घेतले:
शुक्रवार चारशे बारा, शनिवार तीनशे नव्वद,
रविवार सहाशे चाळीस, सोमवार अठ्ठ्याऐंशी,
मंगळवार नऊ, मग एक्कावन्न, मग वीस.
भागिले सात. दोनशे तीस.
"दोनशे तीस माणसं कोणत्या दिवशी आली, सर?"
धडगावची सोनकी वळवी. फ रांग, चौदा नंबर.
कोणत्याच नाही, म्हटलं. सरासरी अशीच असते.
"आणि मंगळवारी? नऊ जणांसाठी लावला?"
मी दाराकडे पाहिलं.
"एक मानूस ऱ्हायना तरी रीळ पुरी करनी पडस,"
हिलाल म्हणाला, "तिकीट फाडेल शे ना त्यानं."

सारंगखेड्याला घोडे उतरले त्या आठवड्यात
एक सकाळ अशी आली
की सहाशे चाळीस खुर्च्या आणि सोनकी.
साडेचारला घर सोडलेलं,
आधी जीप, मग एसटी, केसांत थंडी.
पाचांखाली तास धरू नये, असं परिपत्रक आहे.
ती वही उघडू की नको अशी बसलेली,
मी खडू खिशात टाकू की नको असा.
तेवढ्यात हिलालने घंटा दिली, आत आला,
तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

प्रमाण विचलन शिकवलं.
कोण मधल्यापासून किती लांब, त्याचा हिशेब.
सूत्र, दोन उदाहरणं, तिसरं घरी करायला.
दुसऱ्या उदाहरणात सोनकीचे डोळे मिटले,
पेन बोटांत उघडंच.
मी आवाज उतरवला, थांबलो नाही.
हिलाल वर्गमुळाला मान डोलावत राहिला.

बारा वाजता बाहेर मॅटिनीची रांग.
तिच्यात माझीच चार पोरं, जत्रेला गेलेली.
एकाने मला पाहून चपलेचा अंगठा तपासला.
हिलालने चौघांची तिकिटं फाडली,
आत अजून सगळे दिवे चालू होते,
बॅटरी पेटवून तो पुढे चालू लागला.